येते म्हणून गेलेली

४ नोव्हेंबर, सोमवार

लागली एकदाची नोकरी! आणि नोकरी कसली, तर खुर्चीत बसून व्हिडिओ गेम खेळायचा आणि वर पगार घ्यायचा. शाळेत असताना मला हे कुणी सांगितलं असतं तर मी गणिताच्या वहीला हातसुद्धा लावला नसता.

ऑफिस टायरच्या दुकानावर आहे. खिडक्यांना काळे पडदे, जमिनीवर वायरींचं जंजाळ आणि कॉफीच्या मशीनचा जळका वास. बाहेरचे भीतीचे गेम आणून ते मराठीत करायचे, हा इथला धंदा. मी आधी सगळी वाक्यं मराठीत लिहायची आणि मग अख्खा गेम स्वतः खेळून प्रत्येक वाक्य जागच्या जागी पडतंय की नाही ते बघायचं. मालक माझ्यापेक्षा वयाने बराच लहान आहे आणि पंख्याखालीही डोक्यावरची लोकरीची टोपी काढत नाही. मी मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं: टोपी. आवाजाचं काम बघणाऱ्याचं नाव कान. हेडफोनमुळे खांद्यावर टिचकी मारल्याशिवाय त्याला काही ऐकू येत नाही.

घरही चांगलं मिळालं. दोनच खोल्या, पण लिफ्ट आहे, म्हणजे बाबांची चाकाची खुर्ची खाली नेता येईल. त्यांची खाट खिडकीशी लावली. खाली गाड्या लावायची जागा दिसते. लोक गाडी मागे घेताना कसे घोळ घालतात ते बघत ते संध्याकाळपर्यंत बसले होते, आणि एकदा तर चक्क हसले.

झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली आणि शब्दही गेले. राहिला फक्त एक. कुणी घराबाहेर पडताना ‘येते’ म्हटलं की बाबा म्हणतात, ‘ये’. अगदी स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात. पाणी मागता येत नाही, माझं नाव घेता येत नाही, पण हे येतं. डॉक्टर म्हणाले की जन्मभर तोंडात घोळलेले शब्द मेंदूच्या वेगळ्याच कोपऱ्यात राहतात. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणतात की तो एक शब्द रोज वापरात ठेवा, त्याच्या आधाराने एखादा नवा येईल. म्हणून मी आणि दिवसभर त्यांच्याजवळ थांबणाऱ्या मावशी उठसूट ‘येते’ म्हणत असतो. कधी कधी मी उगाचच दाराबाहेर जाऊन परत येते. शेजारच्यांना वाटत असेल, हिचं काहीतरी रोजच विसरतं.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज गेम सुरू केला. पहिल्या तासातच हेडफोन काढून ठेवावासा वाटला.

एक बंद पडलेलं आजारी माणसांचं निवासस्थान. मजल्यामागून मजले, खाटांच्या रांगा, खाटांवर माणसं. तुमच्याकडे हत्यार नाही. लपायचं आणि एक बटण दाबून श्वास रोखून धरायचा, बस. कारण तिथे एक बाई हिंडते. अंगात लांब राखाडी कोट, हाताला पर्स, जशी कुणाला भेटायला आली आहे. तोंड केसांनी झाकलेलं. गेममध्ये तिला ‘भेटकरीण’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात, मी ‘पाहुणी’ केलं. ती खाटांमधून फिरते, तुम्हाला शोधते. नाही सापडलात तर दाराशी थांबून एक वाक्य बोलते आणि त्या मजल्यावरून कायमची निघून जाते. अख्ख्या गेममध्ये तिला तेवढंच एक वाक्य आहे. ते ऐकलं की जिवात जीव येतो आणि माणूस खाटेखालून बाहेर येतो.

खेळताना मीही खरोखरच श्वास रोखते, हे कानाने मला दाखवून दिलं. म्हणाला, बटण त्यासाठीच आहे ताई. घरी येईपर्यंत खांदे भरून आले होते. बाबांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं आणि कपडे न बदलताच आडवी झाले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाहुणीच्या वाक्यावर अडून बसले. मुळात तिचं बोलणं एवढंच आहे की मी आता निघते. ‘जाते’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं. आमच्या घरात दाराशी उभं राहून ‘जाते’ म्हणायची सोय नव्हती, आई पायातलं काढायला लावून परत आत बोलवायची. हात जातच नव्हता. शेवटी ‘येते’ असं लिहिलं. खाटेवरचे आजारी लोक तिच्या वाक्यावर नुसते कण्हतात, पण ‘येते’ला कण्हणं काही बरं दिसेना. त्यांच्या तोंडी घातलं ‘ये’.

टोपीने वाचलं आणि हात पुढे करून शहारे दाखवले. मराठीत हे जास्तच भयंकर झालंय, असं त्याचं म्हणणं. पाहुणीचा आवाज द्यायला कुणी ठरलं नव्हतं, म्हणून कानाने तात्पुरता माझाच घ्यायचा ठरवला. गाद्या लावलेल्या कपाटाएवढ्या खोलीत मला उभं केलं आणि सांगितलं की घाबरवायचं वगैरे नाही, घरातून निघताना म्हणते तसं म्हण. मी डोळे मिटले, बाबांची खाट समोर आणली आणि ‘बाबा, येते’ म्हटलं; त्यातलं ‘बाबा’ कानाने नंतर कापलं. एकाच दमात झालं. परत ऐकवलं तेव्हा वाटलं, केवढी दमलेली वाटते ही बाई.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

गेममध्ये बिघाड आहे. पाहुणी ‘येते’ म्हणून निघाली, मी खाटेखालून बाहेर आले, आणि थोड्या वेळाने ती परत आली. जिन्यातून तिचा, म्हणजे माझाच, आवाज आला. मी परत लपले. पुढच्या खेपेला ती जिन्यात नाही, दारात उभी. मग खाटेशेजारच्या खुर्चीत. मग खाटेच्या पायथ्याशी, चादरीवर. नंतर बघितलं तर ती खाट रिकामी, चादर हाताने फिरवल्यासारखी सपाट.

दुपारभर तेच खेळत बसले. ती माझ्यामागे येतच नाही. तिच्या ‘येते’ला जो कुणी ‘ये’ म्हणतो, त्याच्याकडे ती येते, आणि प्रत्येक ‘ये’ला एक पाऊल आत. जो गप्प राहतो त्याच्याकडे फिरकत नाही.

कोड लिहिणाऱ्याला दाखवलं. त्याला सगळे मामा म्हणतात, वय पंचवीस. मामाने बाकीच्या भाषांतला गेम चालवून बघितला. तिथे ती बाई निमूट निघून जाते, खाटा भरलेल्याच राहतात. तो म्हणाला की कोडला शब्दाचा अर्थ कळत नसतो, त्याला आवाज म्हणजे नुसता आवाज. मग डोकं खाजवून म्हणाला, पण ताई, बाई शब्दाची पक्की आहे हो, येते म्हणाली आणि आली. आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मावशी कौतुक करत होत्या. म्हणे दुपारी ऑफिसातून एवढ्या लांब आलीस आणि जिन्यातूनच परत गेलीस, वर तरी यायचंस, चहा टाकला असता. मी म्हटलं, मी नाही आले. त्या म्हणाल्या, अगं जिन्यातून ‘बाबा, येते’ म्हणालीस ना, आणि यांनी काय खणखणीत ‘ये’ म्हटलं, मीच चकित झाले.

दुसऱ्या कुणाच्या घरचं कुणी असेल, असं मी म्हटलं. मावशी म्हणाल्या की तुझा आवाज मला कळत नाही का. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. बाबा मात्र खुशीत होते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज दारात.

मावशी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. त्यांना दार उघडल्याचा आवाज आला, माझा आवाज आला, बाबांचा ‘ये’ आला. हात पुसून बाहेर येईपर्यंत कुणी नव्हतं आणि दार सताड उघडं. माझ्यावरच रागावल्या, दार तरी ओढून घेत जा म्हणून.

मी त्या वेळी हेडफोन लावून ऑफिसात बसले होते. शेजारी कान होता, समोर मामा होता. त्यांना विचारूनसुद्धा घेतलं, मी दुपारी कुठे गेले होते का. मामाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला की ताई, उद्या सुट्टी घ्या.

भीती वाटतेय, हे इथे सरळ लिहिते. जिना, मग दार. ही चाल मी ओळखते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सुट्टी कसली घेते. सकाळी पहिली टोपीकडे गेले आणि म्हटलं की वाक्य बदलायचं, ‘जाते’ करायचं. कारण काय सांगणार? म्हटलं, बिघाड त्याच शब्दामुळे आहे. त्याने खांदे उडवले. कानाने पुन्हा गाद्यांच्या खोलीत उभं केलं. तो शब्द तोंडातून निघता निघेना. शेवटी निघाला, पण रडका. कान म्हणाला, चालेल.

मग गेम लावला आणि पाहुणीची वाट बघत बसले. आली नाही. मी मुद्दाम दिव्याखाली उभी राहिले, भांडी पाडली. नाही आली. सगळे मजले पालथे घातले, सगळ्या खाटा, न्हाणीघरं, गच्ची. ती कुठेच नाही. मामाने कोडमध्ये शिरून बघितलं. तो म्हणाला की असायला तर हवी, तिची फाईल आहे, पण ती गेममध्ये उभीच राहत नाहीये. टोपी वैतागला. पाहुणीच नसेल तर लोक काय रिकाम्या खाटा बघायला पैसे देतील, असं म्हणाला.

गेममधून गेली, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. मग गेली कुठे?

घरी धावत आले. खाटेशेजारी खुर्ची ओढलेली होती. मी विचारायच्या आत मावशी म्हणाल्या की आज बसलीस ते बरं केलंस, मी जरा खाली दळण आणायला जाऊन आले, वर येताना तुझं ‘येते’ ऐकू आलं आणि लिफ्टने खाली गेलीस वाटतं, चुकामूक झाली. खुर्चीची गादी मी चाचपून बघितली. कोमट होती.

बाबांना विचारलं, कोण आलं होतं. त्यांनी डाव्या हाताने माझा गाल थोपटला.

म्हणजे आता फक्त खाट उरली. अजून एक ‘ये’, आणि—

२० नोव्हेंबर, बुधवार

कामावर गेले नाही. टोपीचे फोन येतायत, घेत नाही.

उपाय एकच. या घरात यापुढे कुणीही ‘येते’ म्हणायचं नाही. मी तर बोलायचंच नाही. मी एक अक्षर बोलले नाही, तर माझ्या आवाजात जे काही बोलेल ते मी नव्हे, हे बाबांना कळेल. कळायला हवं. मावशींना कागदावर लिहून दिलं की जाताना गुपचूप जा. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला.

संध्याकाळी त्या न बोलता बाहेर पडल्या. बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दार बंद झालं तरी बघत होते. ओठ तयार ठेवलेले. एकच शब्द होता त्यांच्याजवळ, तोही मी काढून घेतला. मी भिंतीकडे तोंड करून रडले, आवाज न करता.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

जिन्यात जाऊन दादाला फोन केला, अगदी कुजबुजत. एवढंच म्हटलं की बाबांना तुझ्याकडे ने, मला झेपत नाही. त्याला वाटलं मी दमले. दमले आहेच. रविवारी दुपारी गाडी घेऊन येतो म्हणाला, आधी जमणार नाही. टॅक्सीवाल्याला विचारून बघितलं, एवढ्या लांब अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न्यायला तो तयार नाही.

रविवारपर्यंत काढायचं.

खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली. परत आले तर बाबा खाटेशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते, जसं कुणी उभं राहिलंय.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मावशींनी काम सोडलं. दुपारी मी औषधं आणायला खाली गेले होते, तेवढ्यात— त्या म्हणाल्या की हे काय चालवलंयस, दुपारी एवढं गोड बोलतेस बापाशी, बाहेरच्या बाहेर हाका मारतेस, आणि समोर आलीस की मुकी होऊन दगडासारखी बसतेस. म्हातारा घाबरतो तुला. मला नाही बघवत.

मी विचारलं. लिहून. बाबांनी उत्तर दिलं का?

त्या म्हणाल्या, ठसका लागला होता त्यांना, नाहीतर दिलंच असतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

झोप नाही. मी त्यांच्या पायथ्याशीच बसून आहे. जागा अडवून.

भरवायला गेले तर तोंड फिरवलं. डाव्या हाताने चमचा ढकलला. मी हसून बघितलं त्यांच्याकडे. हसणं नीट जमलं नसावं. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

बाबा, मी आहे हो. बोलता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

दुपारी दारामागे पावलं. थांबली. गेली. त्यांना झोप लागली होती, नशीब.

२४ नोव्हेंबर, रविवार

दादाचा निरोप आला, निघालोय. ऊन आत आलंय. त्यांची पिशवी भरली, औषधं, कपडे, चष्मा. दाराला कडी आहे, बघून आले—

आली.

कडी लावलेली आहे. तरी आत. गॅलरीतून खुर्ची सरकल्याचा—

माझा आवाज. ‘बाबा.’ किती प्रेमाने. मी असं कधी म्हटलं होतं? गाद्यांच्या खोलीत. डोळे मिटून.

बाबा जागे झालेत. हसतायत. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. डावा. उजव्याने लिहितेय, लिहिलं नाही तर ओरडेन, आणि ओरडले तर तो तिचाच आवाज— श्वास नाकाने घ्या, बाबा. थोडंच. दादा येतोय.

‘बाबा, येते.’

खाटेशेजारून आलं. मी दाबून धरलंय. तोंड हलतंय माझ्या हाताखाली, ओलं, तो शब्द—

मी पायथ्यावरून उठून उशाशी आलेय. पायथा मोकळा. माझ्या लक्षातच— चादर दबली. तिथे. कुणी बसल्यासारखी—

त्यांनी माझा हात काढला. बोट बोट करून. केवढी ताकद आहे अजून. आणि माझ्याकडे बघितलं. नजरेत ओळख नाही, नुसती भीती. ओठ जुळवले. नवा शब्द. इतक्या महिन्यांनी, स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात.

‘जा.’

मला म्हणाले.

मी बोलले. मोठ्याने. बाबा, मी आहे, मीच आहे— पण चार दिवस न वापरलेला आवाज घोगरा, चिरका, कुणा भलत्याच बाईचा— ते अंग चोरून लांब सरकले—

आता माझ्याकडे बघत नाहीत. पायथ्याकडे बघतायत. चेहरा उजळलाय. खाली दादाच्या गाडीचा हॉर्न, दादा लवकर— बाबा नको— तोंड उघड